मचाणावरचे मुहंदिस

मस्कतच्या मराठी मंडळात हळदीकुंकू असो नाहीतर क्रिकेटची मॅच, जेवणाच्या रांगेत कोणीतरी त्यांचा विषय काढतंच. "ते तुमच्या कंपनीतले हो, झाडावर चढून बसले होते ते." मग दुसरा मान हलवतो आणि म्हणतो, "उन्हाने डोकं फिरलं बिचाऱ्याचं. गल्फमध्ये इतकी वर्षं काढली की होतं असं." श्रीखंड वाढून घेता घेता तिसरी कोणी म्हणते की त्यांना घरी पाठवलं ते बरंच झालं.

हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ऐकवत नाही. म्हणून एकदा लिहूनच टाकते. एक तर तो जानेवारी महिना होता, आणि ओमानमध्ये जानेवारीत कोणाचं डोकं फिरेल एवढं ऊन नसतं. दुसरं म्हणजे 'बिचारे' हा शब्द त्यांना कोणत्याही बाजूने लागू पडत नाही. आणि झाडावर ते एकटे नव्हते. शेजारी मी बसले होते.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही, कारण त्यांनाच ते आवडलं नसतं. ओळख झाली की दुसऱ्या वाक्याला मराठी माणूस आडनाव विचारतो, आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव विचारतो, आणि गावावरूनही जमलं नाही तर "म्हणजे मूळचे कुठले?" असं विचारतो. हे सगळं कशासाठी चाललंय ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. हे मात्र शांतपणे उलट विचारायचे, "आडनाव कळलं की काय करणार जी तुम्ही?" समोरचा गडबडून म्हणायचा, "नाही हो, सहज विचारलं." "मग सहज राहू द्या," असं म्हणून ते पुढच्या विषयाकडे वळायचे. मंडळात त्यांना फारसे मित्र नव्हते हे वेगळं सांगायला नको.

ऑफिसात सगळे त्यांना मुहंदिस म्हणत. मुहंदिस म्हणजे अरबीत इंजिनिअर. तसे आमच्या कंपनीत इंजिनिअर पुष्कळ होते, मीही त्यांतलीच एक, पण मुहंदिस म्हटलं की तेच. याचं कारण असं की 'सर' त्यांना खपत नसे आणि 'साहेब' त्याहून खपत नसे. आखाती देशात तर हवेत सर असतात, लिफ्टचं दार उघडलं तरी कोणीतरी सर म्हणतं. कोणी ड्रॉइंगसोबत 'रिस्पेक्टेड सर' असा मेल पाठवला की हे तो न वाचता परत पाठवायचे. मी नवीन होते तेव्हा माझाही एक परत आला. मी तणतणत त्यांच्या केबिनमध्ये गेले, तर म्हणाले, "बाई, आमच्या शाळेत एक सर होते. त्यांनी मला चार वर्षं वर्गाच्या बाहेर, खिडकीखाली बसवून शिकवलं. एवढे सर मला पुरे झाले."

मी साताऱ्याची, ते भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातले. शिकले नागपुरात, सोन्यासारखे गुण मिळवून. बायको तिकडेच शाळेत मुख्याध्यापिका होती, धाकट्या मुलीचं शिक्षण चालू होतं, आणि हे मस्कतच्या हमरिया भागातल्या एका जुन्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. खाली सलून, समोर मसाल्याचं दुकान. इतरांनी मोठे फ्लॅट घेतले, गाड्या बदलल्या. यांची खटारा गाडी आणि हमरिया दोन्ही कायम राहिली.

त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा अशी की ते कधी कोणाला हाक मारत नसत. साइटवर जनरेटर धडधडत असतात, वरच्या मजल्यावरचा माणूस खालच्या माणसाला घसा फोडून ओरडत असतो. मुहंदिसांना पलीकडच्या टोकाच्या फिटरला काही सांगायचं असलं, तर ते अख्खी साइट ओलांडून त्याच्याजवळ जात आणि नेहमीच्या आवाजात सांगत. टाळी नाही, शिट्टी नाही, हॉटेलात वेटरला 'ए भाई' नाही. कितीदा तरी आम्ही चहा न पिता उठलो, कारण वेटर आपण होऊन आला नाही. मी चिडून एकदा म्हटलं, "आवाज काय बँकेत ठेवलाय का?" त्यावर ते नुसते हसले.

हा देश मात्र त्यांना मनापासून आवडायचा, आणि त्याचं कारण जगावेगळं होतं. ते म्हणायचे, "इथे सगळे जमिनीवर बसतात." नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात थोरल्या अर्बाबांनी, म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकांनी, त्यांना मस्कतजवळ बरक्याला असलेल्या आपल्या मझऱ्यावर जेवायला नेलं होतं. मझरा म्हणजे शेतवाडी. मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, सतरंजीवर सगळे गोल बसले, मध्ये भाताचं आणि मटणाचं एक मोठं ताट आलं, आणि अर्बाबांनी स्वतःच्या हाताने मटणाचा चांगला तुकडा तोडून यांच्या बाजूला सरकवला. एका ताटात मालक, ड्रायव्हर, पंपवाला आणि हे. "मला घास गिळेना," ते मला सांगत होते. "अर्बाबांना वाटलं, तिखट लागलं. त्यांनी पाणी मागवलं. मी कसं सांगू त्यांना, की माझ्या गावात माझ्या आज्याला पाणी वरून ओतत होते." हे सांगताना त्यांचे डोळे भरले नाहीत. 

या मझऱ्यावरच ते मचाण होतं.

बरक्याच्या बाजूला अशा शेतवाड्या खूप आहेत. हल्ली बहुतेकांनी स्विमिंग पूल बांधून त्या वीकएंडला भाड्याने द्यायला काढल्या आहेत. आमच्या अर्बाबांची मात्र खरीखुरी वाडी होती. पुढे खजूर आणि लिंबं, मागे जनावरांचा चारा, आणि त्याहीमागे कोरड्या वादीपर्यंत, म्हणजे ओढ्याच्या पात्रापर्यंत, पसरलेला, जाळी घातलेला झुडपांचा मोठा तुकडा. त्या तुकड्यात अर्बाबांच्या वडिलांनी पाळलेल्या हरणांचा कळप होता. इथली हरणं म्हणजे आपल्या चिंकाऱ्याची भावंडं, तीच बारीक चण, तेच काळेभोर डोळे. मध्यभागी घाफचं एक प्रचंड झाड होतं. घाफ म्हणजे आपली शमीच. पांडवांनी शमीवर शस्त्रं लपवल्याची गोष्ट मी मुहंदिसांना उत्साहाने सांगायला गेले, तर म्हणाले, "पुराण राहू द्या बाई, फांदी मजबूत आहे एवढं पुरे."

त्या फांद्यांवर त्यांनी साइटवरून उरलेले स्कॅफोल्डिंगचे पाइप, क्लॅम्प आणि फळ्या वापरून मचाण बांधलं. झाडाला एक खिळा मारला नाही. फांद्या काचू नयेत म्हणून पाइपला जुन्या कार्पेटच्या पट्ट्या गुंडाळल्या. अॅल्युमिनियमची एक शिडी लावली. दर शुक्रवारी दुपारी, मशिदीतून माणसं परतली की, हे हमरियाहून गाडी काढून बरक्याला जायचे आणि सूर्य बुडेपर्यंत त्या मचाणावर बसायचे. थोरले अर्बाब वाडीवर आले की कामगारांना विचारायचे, "वेन मुहंदिस?" मुहंदिस कुठंय? कामगार नुसतं बोट आकाशाकडे करायचे. अर्बाबांना याची दर वेळी तितकीच मजा वाटायची. ते पोट धरून हसायचे आणि वर कहवा, म्हणजे वेलची घातलेली बिनदुधाची कॉफी, पाठवून द्यायचे.

ते ऑफिसातल्या प्रत्येकाला एकेकदा बोलवायचे. अटी कडक होत्या. फोन गाडीत. अत्तर लावायचं नाही. भडक कपडे नकोत. कुरकुरीत खाणं वर्ज्य, म्हणून त्यांच्या स्टीलच्या डब्यात कायम मऊ भाकरी, ठेचा आणि बिया काढलेला खजूर. आणि बोलायचं नाही. लोक एकदा जायचे, परत जायचे नाहीत. मी जात राहिले. ऑफिस, घर आणि मुलीचा अभ्यास यांतून इतका वेळ कोणी माझ्याशी बोलणार नाही, अशी दुसरी जागा मला ठाऊक नव्हती.

पहिला तासभर काहीच घडत नाही. लांब पंपाचा आवाज येत असतो, शेजारच्या भाड्याच्या वाडीतून गाणी येतात, पाठीला मुंग्या येतात, आणि आपण इथे का आलो असं वाटायला लागतं. मग घाफची सावली वादीच्या दिशेने लांबते आणि तिकडच्या झुडपात काहीतरी हलतं. आधी शेपटी दिसते. हरणाचं बाकी सगळं अंग वाळूच्या रंगाचं असतं, पण ती काळी शेपटी सारखी हलत असते, त्यामुळे ते उघडं पडतं. एक मादी येते, थांबते, कान फिरवते. मग दुसरी. मग घाफच्या शेंगा खायला सगळा कळप हळूहळू आपल्या खाली येतो, आणि आपण श्वास घ्यायचा की नाही याचा विचार करायला लागतो.

त्यात एक म्हातारा नर होता. त्याचं डावं शिंग अर्ध्यातून मोडलेलं होतं. तो सगळ्यात शेवटी यायचा, एका ठरावीक फांदीला गाल घासायचा, आणि मग ठरावीक जागी जाऊन लेंड्या टाकायचा. दर वेळी तीच जागा. मुहंदिस एकदा परतीच्या वाटेवर म्हणाले, "आपल्या ऑफिसात एवढी शिस्त असती तर फाइली सापडल्या असत्या." मी म्हटलं, या नराला काहीतरी नाव ठेवू या. ते ठाम नाही म्हणाले. "नाव दिलं की माणसाला वाटतं आपलं झालं. तो त्याचा आहे."

त्याच परतीच्या वाटेवर, बरक्याहून मस्कतला येताना, त्यांनी मला मचाणाचं कारण सांगितलं. मी विचारलं नव्हतं. त्यांचे आजोबा गावचे कोतवाल होते. मालगुजारांकडे, म्हणजे गावच्या जमीनदारांकडे, पाहुणे आले की शिकार निघायची, आणि आजोबांना वस्तीतली माणसं घेऊन हाका करायला जावं लागायचं. म्हणजे ढोल बडवत, ओरडत, काट्याकुट्यांतून रान उठवायचं आणि जनावर मचाणाच्या दिशेने हाकायचं. मचाणावर मालगुजार आणि पाहुणे. खाली हे, हातात काठीसुद्धा नीट नाही. जनावर उलटलं तर ते यांच्यावरच. कोणाच्या मांडीला रानडुकराने फाडलं, कोणाला चुकून छर्रे लागले, त्याची कुठे विचारपूस नाही. पुढे आजोबांनी दीक्षा घेतली, कोतवालकी सोडली आणि ढोल विहिरीत टाकून दिला.

"मी लहान होतो तेव्हा त्यांनी मला एकदाच हाकारा करून दाखवला," मुहंदिस म्हणाले. "शेताच्या बांधावर. पाखरं उडाली सगळी. मग म्हणाले, शिकून ठेव. पण कोणी सांगितलं म्हणून तोंडातून काढू नको." त्यांनी मागच्या गाडीला वाट दिली. "आमच्या घराण्यात मचाणावर बसणारा मी पहिला, बाई. आणि मला कोणाला मारायचं नाही. मला फक्त वरून पाहायचं आहे."

आता त्या शुक्रवारबद्दल.

थोरले अर्बाब तोवर आजारी पडले होते आणि कारभार त्यांच्या मुलाकडे आला होता. मुलगा वाईट नव्हता. तो परदेशात शिकलेला, हसतमुख, आणि पाहुण्याला नाही म्हणणं ज्याच्या रक्तात नाही असा. कंपनीला एक मोठं काम मिळायच्या बेतात होतं, आणि ते देणारा माणूस पुण्याहून आला होता. मराठी माणूस आहे म्हणून मुलाने मोठ्या प्रेमाने आम्हा दोघांनाही मझऱ्यावर जेवायला बोलावलं. आपल्या भाषेत गप्पा होतील, पाहुणा खूश होईल, असा त्याचा सरळ हिशेब होता.

पाहुणा साठीचा, गोरटेला, खळखळून हसणारा होता. ताट मध्ये आलं तेव्हा त्याने स्वतःसाठी वेगळी प्लेट आणि चमचा मागितला. मुलाने लगेच आणवला. मुहंदिसांनी ते पाहिलं आणि आपला हात ताटात घातला. दोन घास झाल्यावर पाहुण्याने माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "वा, म्हणजे आपल्यातल्याच," तो म्हणाला. मग त्याने मुहंदिसांकडे वळून विचारलं, "आणि तुमचं? बोलण्यावरून भंडाऱ्याकडचे वाटता. आमचे आजोबा तिकडचेच मालगुजार."

"आडनाव कळलं की काय करणार जी तुम्ही?"

पाहुणा हसला. "बरं बरं. समजलं."

काय समजलं ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.  मुहंदिस भात खात राहिले.

जेवण झालं, कहवा आला. पाहुण्याची नजर भिंतीवरच्या बंदुकीवर गेली. ती थोरल्या अर्बाबांच्या आजोबांची, अजून लग्नाकार्यात हवेत बार काढायला वापरत. मग त्याला खिडकीतून घाफचं झाड दिसलं, आणि झाडावरचं मचाण. तो ताडकन उठला. आजोबांच्या शिकारी, बंगल्यातली शिंगं, लहानपणी हुकलेली संधी, सगळं एका दमात सांगून झालं. फक्त एक हरीण, तो म्हणाला. एक मारलं तर काय बिघडतं, ते म्हातारं मोडक्या शिंगाचं असेल तरी चालेल. मुलगा हसला, मान खाजवली, विषय बदलायचा प्रयत्न केला. पाहुण्याने लहान मुलासारखा हट्ट धरला. शेवटी मुलाने बंदूक भिंतीवरून काढली.

"मचाणावर मी बसतो," पाहुणा मराठीत मुहंदिसांना म्हणाला. "तुम्ही या कामगार पोरांना घेऊन तिकडून जरा हाका करा. तुमच्याकडच्या लोकांना काय, शिकवावं लागत नाही."

मला आयुष्यात इतका राग क्वचितच आला असेल. मी काहीतरी बोलणार होते, पण मुहंदिसांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी कहव्याचा पेला पुरा केला, आता पुरे या अर्थी तो दोन बोटांत हलवून परत दिला, आपला स्टीलचा डबा उचलला, मुलाला "शुक्रन" म्हणाले आणि बाहेर पडले. ते वादीकडे गेले नाहीत. सरळ घाफकडे गेले आणि शिडी चढून वर बसले. मी त्यांच्या मागे गेले. मी वर पोचल्यावर त्यांनी शिडी ओढून फळ्यांवर आडवी ठेवली.

मुलगा झाडाखाली आला आणि गल्फमध्ये सगळ्यांशी चालते त्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "मुहंदिस, नीचे आओ. मेहमान को ऊपर बैठना है."

"ऊपर जगह नहीं है."

"दो आदमी का जगह है."

"दो आदमी बैठे हैं."

तो माझ्याकडे बघायला लागला. "मॅडम, आप भी?"

"मेरेको इधर अच्छा लगता है," मी म्हटलं. माझ्या तोंडून हे कसं निघालं ते मला कळलं नाही, पण निघाल्यावर फार बरं वाटलं.

"मुश्किल मत करो, मुहंदिस. एक हिरन है. अपना मझरा है, अपना हिरन है."

"कानून में मना है, अर्बाब. तुमको भी मालूम है. और तुम्हारे बाबा ने इधर कभी गोली नहीं चलाई."

मुलाने घाम पुसला. जानेवारीत. त्याची बिचाऱ्याची दोन्हीकडून अडचण झाली होती. बिचारा म्हणायचंच असेल तर त्या दिवशी तो होता. पाहुणा मात्र अजून हसत होता, पण आता त्या हसण्याला धार आली होती. मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने तो म्हणाला की त्यांना वरच राहू दे, खालूनही नेम लागतो. वाडीच्या बाजूला चाऱ्याची पिकअप उभी होती. तिच्या बॉनेटवर बंदूक टेकवून तो वाट पाहत बसला. मुलगा त्याच्या मागे उभा राहिला. कामगार शेडच्या सावलीतून सगळं बघत होते आणि कोणी जागचं हलत नव्हतं.

आणि मग नेहमीचीच दुपार सुरू झाली. लांब पंपाचा आवाज. शेजारच्या वाडीतली गाणी. झाडाची सावली नेहमीसारखी लांबत गेली. मी मनात म्हणत होते, आज येऊ नका, आज भूक लागू देऊ नका. मुहंदिस डबा मांडीवर घेऊन बसले होते. ते मला कुजबुजत म्हणाले, "बाई, तुम्हाला उतरायचं असलं तर आत्ता उतरा. नोकरी तुमचीही जाईल."

"तुमची जाईल त्याचं काय?"

"माझी गेली आहे," ते म्हणाले. "पोरीला सांगतो, एखादं वर्ष ओढाताण होईल." आणि ते परत बघायला लागले.

शेपटी हलली. एक मादी बाहेर आली, थांबली, कान फिरवले. मग बाकीच्या. मग पाडसं. सगळ्यात शेवटी तो म्हातारा नर बाहेर आला, आपल्या फांदीपाशी गेला आणि गाल घासू लागला. पिकअपपासून तो अगदी समोर होता. पाहुण्याने खांदा पुढे घेतला, मान वाकवली. मी डोळे मिटणार होते.

तेवढ्यात मुहंदिस उभे राहिले.

तो आवाज मला लिहून दाखवता येणार नाही. ज्यांनी इतकी वर्षं साइटवर एक हाक मारली नव्हती, त्यांच्या छातीतून तो निघाला. आधी खोल आणि लांब, मग तुकड्यातुकड्यांत, वर चढत गेलेला. झाडावरची कबुतरं एकदम उडाली, शेजारच्या वाडीतलं गाणं थांबलं. कळपाने एक उडी घेतली आणि तो वादीकडे सुसाट सुटला, नर सगळ्यांच्या मागे. पाहुण्याने दचकून बंदूक वर केली. मुहंदिस थांबले नाहीत. त्यांनी डबा माझ्याकडे टाकला. काय करायचं ते मला सांगावं लागलं नाही. मी झाकण उपटलं आणि ते डब्यावर बडव बडव बडवलं. भाकरी खाली पडली, ठेचा माझ्या ओढणीवर सांडला, मी बडवत राहिले. जेव्हा शेवटची शेपटी झुडपात दिसेनाशी झाली, तेव्हा आम्ही थांबलो.

पाहुणा झाडाखाली आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "हा काय प्रकार आहे?"

मुहंदिसांनी मचाणाच्या कडेशी येऊन खाली पाहिलं. आवाज बसला होता, पण शब्द स्वच्छ आले.

"हाका पाहिजे होता ना जी तुम्हाला? झाला हाका."

पाहुणा निरोपाचा कहवा न घेता गेला. ते कामही गेलं. कोणी म्हणालं, मुहंदिसांनी फोन करून माफी मागावी म्हणजे प्रकरण मिटेल. मुहंदिस म्हणाले, "फोनवर नको. त्यांना इथे येऊ द्या, माझ्या शेजारी मचाणावर बसू द्या, मग काय ते बोलू." तो आला नाही. मुहंदिसांचा व्हिसा पुढे वाढला नाही. निरोपाचा समारंभ त्यांनी घेतला नाही. माझी नोकरी राहिली, का ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. मचाणही आहे तसंच आहे. मी अजून शुक्रवारी जाते. मंडळातल्या सगळ्यांना माझं जाहीर आमंत्रण आहे. येताना आडनाव गाडीत ठेवून यायचं, फोनच्या शेजारी.

पण हे सगळं नंतरचं. पाहुण्याची गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा आम्ही अजून वरच होतो. मुलगा झाडाखाली येऊन उभा राहिला. त्याच्या हातात ती बंदूक होती, आणि ती कुठे ठेवावी हे त्याला सुचत नव्हतं.

"मुहंदिस, तुमने मेरे मेहमान को बेइज्जत किया."

"मैं भी मेहमान हूं, अर्बाब," मुहंदिस म्हणाले. "तीस साल से."

मुलाने बंदूक दुसऱ्या हातात घेतली. मग त्याने विचारलं, "बाबा पूछेगा तो क्या बोलूं?"

"बोलो, मुहंदिस ऊपर है."

तो हसला नाही. पण मान हलवून निघून गेला, आणि थोड्या वेळाने एका कामगाराच्या हाती आमच्यासाठी कहवा आला. आम्ही दोरीने किटली वर ओढून घेतली.

अंधारायला लागलं होतं. मुहंदिसांचा आवाज आता पार गेला होता, नुसती फुंकर निघत होती. मी म्हटलं, बोलू नका. तरी ते बोलले. "आजोबा हाक्याहून आले की असेच व्हायचे म्हणे. दोन दोन दिवस. माझा बाप लहान होता, तो विचारायचा, बाबा, तुमचा आवाज कुठं गेला? ते म्हणायचे, मालकाच्या बंदुकीसंगं गेला."

वादीच्या बाजूला झुडूप हललं. अंधारात शेपटी दिसत नव्हती, पण कोणीतरी येऊन थांबलं होतं.

"माझा हरणांसंगं गेला," मुहंदिस म्हणाले. "जाऊ द्या."

मग आम्ही शिडी खाली सोडली.